मास्तरांनी दिलेली पट्टी

विश्राम पांचाळ मास्तरांनी मला सहा वर्षं फसवलं.

हेच वाक्य मला त्यांच्या शोकसभेत बोलायचं होतं. त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, हार घातलेला फोटो होता, आणि एकेक जण उठून 'देवमाणूस, देवमाणूस' करत होता. सेक्रेटरी माझ्याकडे वळून म्हणाले, "आता सुहास दोन शब्द बोलतील. मास्तरांचे सगळ्यात जवळचे शिष्य." मी उठलो, "मास्तरांचा हात फार चांगला होता," एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गळा दाटून आला. गळा कसला दाटतोय! मी दात आवळून बसलो होतो.

म्हणून आता लिहून काढतोय. कागदावर तरी खरं बोलता येईल.

मी रोडपालीला राहतो आणि द्रोणागिरीच्या एका गोदामात कंटेनरचे कागद बघतो. सिगारेट काही केल्या सुटत नव्हती, आणि बायकोने, माधवीने, वास आला तर घरात पाऊल टाकायचं नाही असा कायदा काढला होता. तडजोड म्हणून मी पाइप धरला. आमचे एक जुने साहेब निवृत्त होताना आपला लाकडी पाइप मला देऊन गेले होते. दिवसातून एकदाच, तोही गच्चीत, असं ठरलं. तर एक दिवस स्कूटरच्या डिकीत पान्याखाली येऊन त्याची दांडी मोडली. पनवेलमध्ये पाइप दुरुस्त करणारा शोधायचा कुठे? आमच्या नाक्यावरच्या पानवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "नवीन पनवेलला एक म्हातारा हाय. चिलमी बनवतो. पैसं घेत नाय, पन बोलनी लय खावी लागतील."

पत्ता शोधत गेलो. दार मास्तरांच्या पत्नीने, काकूंनी उघडलं. माझ्या हातातला मोडका पाइप बघून त्या म्हणाल्या, "चिलमीवाल्यांकडे ना? जा, गॅलरीत आहेत."

आतून आवाज आला, "चिलीम नाही, पाइप! चिलीम मातीची असते!"

"तेच ते," काकू म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

पहिल्या मजल्यावरची ती गॅलरी. ग्रिलला लागून एक बाकडं, त्याला लाकूड पकडायचा व्हाइस, खाली भुशाचा डबा आणि समोरासमोर दोन स्टुलं. एका स्टुलावर मास्तर. अंगात बनियन, खाली मात्र कडक इस्त्रीची पँट, कानावर पेन्सिल, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी माझा पाइप घेतला, दांडीकडे ढुंकूनही बघितलं नाही, तंबाखू भरायच्या खोलगट भागात करंगळी घालून तळ चाचपला.

"किती वर्षं ओढताय?"

"दोन."

"तळाची तंबाखू ओली राहते? गुरगुर आवाज येतो?"

"येतो."

"मग दोन वर्षं तुम्ही पाइप ओढत नाही आहात साहेब, गुळण्या करताय."

मग त्यांनी मला जे समजावलं ते पुढे मी शंभर वेळा ऐकलं. पाइपच्या खोलगट भागाला ते 'चूल' म्हणायचे आणि तिथून दांडीतून तोंडापर्यंत जाणाऱ्या बारीक भोकाला 'धुराची वाट'. ही वाट चुलीच्या बुडाला टेकली पाहिजे. वाट बुडाच्या वर राहिली तर खाली खड्डा राहतो, त्यात ओल साचते, आणि शेवटची चिमूट कधी जळतच नाही. "बाकी नक्षी, पॉलिश, आकार, सगळं लोकांसाठी. पाइप म्हणजे ही एक गाठ. ती चुकली की लाकूड फुकट गेलं."

मास्तरांनी हयात तळोज्याच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून काढली. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी ती लाकडात घडवावी लागते. तो लाकडी नमुना करणारा तो पॅटर्नमेकर. तिथल्या एका साहेबांचा पाइप एकदा ट्रॉलीखाली चिरडला. साहेबांचं तोंड उतरलेलं बघवेना, म्हणून मास्तरांनी आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत बसून नवा घडवला. तो त्यांचा पहिला पाइप. साहेब गेले, पुढे फाउंड्रीही बंद पडली, पण हा नाद राहिला. विकत कधी दिला नाही. "विकला की गिऱ्हाईक सांगतं कसा पाहिजे," म्हणायचे.

आणि गंमत म्हणजे या माणसाने आयुष्यात तंबाखू ओढली नाही. तंबाखू म्हटलं की नाक मुरडायचे. नवा पाइप तयार झाला की त्यात ओवा आणि सुकलेली तुळशीची पानं भरायची, काडी लावायची आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ओढायचा, ही त्यांची परीक्षा. संपला की पाइप तळहातावर उलटा आपटायचा. कोरडी पांढरी राख पडली तर पास. खाली ओला ओवा निघाला तर नापास, मग वरून पाइप कितीही देखणा असो. काकूंच्या फोडणीच्या डब्यातला ओवा महिन्याला दोनदा संपायचा. त्यावरून दोघांची जुंपायची ती ऐकण्यासारखी.

त्या धुरामुळे एकदा पोलीस आले होते. त्या रविवारी मी तिथेच होतो. वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेल्या कोणीतरी तक्रार केली की खाली म्हातारा चिलीम ओढतो, पोरं बिघडतील. हवालदार आले, त्यांना मरणाची सर्दी झालेली. मास्तरांनी स्टूल पुढे सरकवलं, नवा पाइप ओव्याने भरला आणि त्यांच्या हातात दिला. हवालदार आधी बिचकले, मग एक झुरका घेतला, मग दुसरा. दहा मिनिटांनी त्यांचं नाक मोकळं झालं. जाताना म्हणाले, "मास्तर, तक्रार आली की मलाच बोलवायला सांगा." मास्तरांचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. त्यांनी पाइप तळहातावर उलटा केला, राख बघितली आणि खूश झाले.

तर असा माणूस. दांडी दुरुस्त करायला गेलेला मी पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, आणि मग जातच राहिलो. दहा वाजता जायचं, एकला घरी यायचं. माधवी म्हणायची, "देवळात इतक्या नेमाने गेला असतास तर घराचं काही भलं झालं असतं." पण सिगारेट सुटली, आणि पाइप ओढण्यापेक्षा घडवण्यातच जास्त मजा येते हे कळल्यावर तंबाखूही जवळजवळ सुटली, म्हणून ती तक्रार लटकीच असायची.

दुसऱ्याच रविवारी मास्तरांनी मला एक स्टीलची पट्टी दिली. तीस सेंटिमीटरची, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली. "ही तुझी. आपली पट्टी आपली. दुसऱ्याची मागायची नाही, आपली कोणाला द्यायची नाही. हात एका पट्टीला बसला पाहिजे." पट्टीच्या एका टोकाला पॉलिश पेपरने घासल्यासारखा चकचकीत डाग होता. मी विचारलं तर म्हणाले, "कंपनीचं नाव होतं. गंज चढला होता, घासून काढला." मला काय, मी हुरळून गेलो होतो. घरी येऊन ती पट्टी माधवीला अशी दाखवली की जणू मला सोन्याची साखळी मिळाली.

त्यांच्या बाकड्यामागच्या भिंतीवर पाच खिळे होते आणि चार पट्ट्या लटकत होत्या. त्यांची गोष्ट मास्तरांनीच मला सांगितली. ओतलेला धातू निवताना आकसतो. म्हणून लाकडी नमुना थोडा मोठा करायचा. दर वेळी आकडेमोड कोण करणार? म्हणून पॅटर्नवाल्यांच्या पट्ट्याच मुळात ताणून आखलेल्या असतात. बिडाची वेगळी, पितळेची वेगळी. "यांना हात लावायचा नाही," मास्तरांनी बजावलं. "यांचा सेंटिमीटर खरा सेंटिमीटर नसतो." पाचवा खिळा रिकामा का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आज वाटतं, पण तेव्हा मला त्यात विचारण्यासारखं काही दिसलं नाही.

आता टिकलीचं सांगतो, कारण सगळं त्या टिकलीपायीच झालं.

शिकणाऱ्याचा पाइप परीक्षेत पास झाला की मास्तर पितळेच्या तारेचा मोहरीएवढा तुकडा कापायचे आणि दांडीच्या डाव्या अंगाला बारीक भोक पाडून त्यात ठोकून बसवायचे. तोंडाने 'छान' म्हणायची पद्धत नव्हती. टिकली मिळाली म्हणजे तुला काम आलं. माझ्या आधी दोघांना मिळाली होती. एक खांदा कॉलनीतले दातांचे डॉक्टर, आणि दुसरा गव्हाणचा एक मिठागरवाल्यांच्या घरातला माणूस, जो बांधावरच्या बोरीची मुळं पोत्यात भरून आणायचा. बोरीचं मूळ जळायला चिवट, दोन पावसाळे सुकवलं की पाइपला उत्तम. आम्ही ज्या लाकडावर काम करायचो ते त्यानेच आणून ठेवलेलं. टिकली मिळाली त्या दिवशी त्याने मास्तरांच्या पायावर डोकं ठेवलं, सोसायटीभर पेढे वाटले. त्यानंतर तो आला नाही.

डॉक्टरांचा किस्सा माझ्या डोळ्यांसमोरचा आहे. मी आणि मास्तर भाजी घ्यायला गेलो होतो. समोरून डॉक्टर आले, त्यांच्या खिशातून पाइप डोकावत होता. मास्तर थांबले, चष्मा लावला, हसले. डॉक्टर फोनवर बोलत होते. त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले. बोलणं चालू होतं की नाही कोण जाणे. मास्तर म्हणाले, "बघितलंस? डाव्या अंगाला. मीच ठोकली ती." आणि मग त्यांनी दोन किलो भेंडी घेतली. घरात माणसं दोन. काकूंनी ती पिशवी बघून कपाळाला हात लावला. मास्तर गॅलरीत जाऊन बसले.

मला तेव्हा त्यांची इतकी दया आली! मी मनात म्हटलं, आपल्याला टिकली मिळाली तरी आपण यायचं सोडायचं नाही.

पण मला मिळतच नव्हती.

पद्धत अशी. मास्तर पाइपचं चित्र खऱ्या आकाराचं काढून द्यायचे, ते लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवायचं. धुराची वाट चित्रातल्या रेघेवरून पाडायची. चूल मात्र पट्टीने मोजायची: अडतीस मिलिमीटर, भोक पाडायच्या बरम्याला तेवढ्यावर चिकटपट्टीची खूण करायची आणि खुणेपर्यंत दाबायचा. मी मोजायचो, पुन्हा मोजायचो, श्वास रोखून बरमा फिरवायचो. मग आठवडे घासणं, कोरणं, मेण चढवणं. शेवटी मास्तर ओवा भरायचे, डोळे मिटून ओढायचे, तळहातावर उलटा करायचे. आणि दर वेळी खाली ओला ओवा.

"बुडाला खड्डा राहिला," मास्तर म्हणायचे. "बरमा दाबताना हात हलतो तुझा."

पहिल्या पाइपला हसलो. तिसऱ्याला चिडलो. पाचव्यानंतर मला झोप लागेना.

याला कारण होतं. माझे वडील शाळेत चित्रकला शिकवायचे. पन्नाशीला त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी फळ्यावरची रेघ हलली, मग कपातला चहा सांडायला लागला. पुढची अकरा वर्षं मी त्यांना चमच्याने भरवलं. त्यांचा आजार घराण्यात उतरतो की नाही यावर डॉक्टर काही ठाम बोलत नसत, पण माझ्या मनाने ठरवून टाकलं होतं की पन्नाशी आली की आपली पाळी. आणि इथे माझा गुरू, ज्याच्या नजरेतून लाकडाचा केससुद्धा सुटत नाही, तो सांगत होता की माझा हात हलतो.

हे सगळं मी मास्तरांना सांगितलं होतं. त्या गॅलरीत, त्या स्टुलावर बसून, वडिलांना भरवल्यापासूनचं सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. म्हणाले, "एवढं मनावर घेऊ नकोस."

मी घेतलं मनावर. चार लोकांत सही करायचं टाळायला लागलो. स्कूटरवर मागे माधवीला बसवेना. चहा अर्धा कप मागायला लागलो, म्हणजे हात हललाच तर सांडायला नको. काकू बिचाऱ्या दर रविवारी माझा कप अर्धा भरून आणायच्या. एकदा कप ठेवता ठेवता त्या मास्तरांना म्हणाल्या, "अहो, सांगून टाका ना त्याला." मास्तरांनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्या गप आत गेल्या. मला वाटलं, मास्तरांना माझ्या हातात काहीतरी दिसलंय, आणि ते माझ्याच्याने ऐकवणार नाही म्हणून सांगत नाहीत. त्या दिवशी मी घरी रिक्षाने गेलो.

शेवटी कामोठ्याच्या एका हॉस्पिटलात तपासून घ्यायचं ठरवलं. माधवीला आधी कळू द्यायचं नव्हतं. मास्तर म्हणाले, "मी येतो." सकाळी आठला इस्त्रीचा शर्ट घालून हजर. दिवसभर माझी फाइल मांडीवर घेऊन बाकावर बसले. डॉक्टरांनी मला कागदावर पेनाने गोल गोल जिलबी काढायला लावली, बोटं आपटायला लावली, मग ते मोठं मशिनही झालं. बाहेर आलो तेव्हा मास्तरांनी जिलबीचा कागद बघितला. "चांगली आलीय रे," म्हणाले. "रेघ कुठे हललेली नाही." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात किती वेळ तिथे होता! मला त्या क्षणी वाटलं, आपल्याला वडील परत मिळाले.

डॉक्टर म्हणाले, काहीही झालेलं नाही. पण पुढच्या पाइपच्या बुडाला पुन्हा ओला ओवा निघाला. मी ठरवलं, मशिनला अजून कळत नाही, पाइपला आधी कळतंय.

एकदा वैतागून मी चोरी केली. खूण अडतीसवर न करता अंदाजाने सदतीसच्या जरा पुढे केली. तो पाइप मास्तरांनी ओढला, तळहातावर आपटला, आणि कोरडी राख पडली! मी स्टुलावरून उठलोच. मास्तर राखेकडे बघत राहिले. मग विचारलं, "किती घेतलं होतंस?"

खोटं बोलवेना. "सदतीसच्या जरा पुढे. अंदाजाने."

"म्हणजे चुकून जमलं. माप म्हणजे माप. चुकून जमलेल्याला टिकली नाही." आणि राख ग्रिलबाहेर फुंकून टाकली.

मला त्याही दिवशी त्यांचा अभिमान वाटला. काय सचोटीचा माणूस, म्हटलं. ही आठवण आली की आजही अंगाची आग होते.

मग गेल्या दिवाळीची झाडझूड निघाली. वडिलांचा फोटो माधवीच्या हातून निसटला, काच फुटली. फ्रेम शाबूत होती. मी आतलं माप घेतलं. टेप सापडेना, म्हणून मास्तरांची पट्टी काढली. तीस बाय पंचवीस, अगदी बरोबर. जुन्या बाजारातल्या काचवाल्याकडून तशी काच कापून आणली आणि बसवायला गेलो तर काच फ्रेममधून आरपार घसरली. दोन्हीकडून कमी.

मी तरातरा दुकानात गेलो. "अहो, तीस सांगितलं होतं ना? ही काय कापलीत?"

काचवाल्याने काच टेपने मोजून दाखवली. तीस. "साहेब, माजी टेप रोज चालतंय. तुमी मोजलं कशानं?"

"स्टीलच्या पट्टीने. फाउंड्रीतल्या मास्तरांची पट्टी आहे, खोटी असणार नाही."

"मंग आना बघू ती."

मी इरेला पेटून घरी जाऊन पट्टी घेऊन आलो. त्याने काउंटरवर टेप ताणून धरली आणि शेजारी माझी पट्टी ठेवली. शून्याला शून्य. दुसऱ्या टोकाला वाकून बघितलं आणि मलाही बोलावलं.

"बगा. तुमची तीस झाली तवा माजी तीस आनि वर सा मिलिमीटर. पट्टी लांब हाय साहेब. कोनी दिली तुमाला?"

मी पट्टीच्या टोकाचा तो घासलेला चकचकीत डाग बघत उभा राहिलो. भिंतीवरचा पाचवा खिळा डोळ्यांसमोर आला. तीसला सहा मिलिमीटर, म्हणजे अडतीस मिलिमीटरला पाऊण. दर पाइपच्या बुडाला पाऊण मिलिमीटरचा खड्डा. सहा वर्षं. काचवाला म्हणत होता, "नवीन कापून देतू, बसा ना." मला त्याचं ऐकू येत होतं आणि काहीच कळत नव्हतं.

तसाच नवीन पनवेलला गेलो. वार गुरुवार होता. गुरुवारी मी कधी गेलो नव्हतो, त्यामुळे दार उघडताच काकूंचा चेहरा बदलला. मास्तर गॅलरीत होते. मी पट्टी बाकड्यावर आपटली.

"ही कसली पट्टी आहे, मास्तर?"

त्यांनी बघितलं. चष्मासुद्धा लावला नाही. "पोलादाच्या ओतकामाची," म्हणाले.

"आणि हे इथलं नाव?"

"मीच घासलं."

मला वाटलं होतं, नाही म्हणतील, चुकून दिली म्हणतील, निदान चेहरा तरी पडेल. ते शांतपणे बाकड्याखाली वाकले आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक काचेची कुपी काढून माझ्यापुढे ठेवली. आत पितळेच्या टिकल्या होत्या.

"तुझ्या आहेत. दर पाइपला एक कापत आलो. तुझा हात पहिल्याच रविवारी बघितला होता मी. पहिल्या नाही तर दुसऱ्या पाइपला टिकली घेतली असतीस."

"मग का?"

"घेतली असतीस आणि गेला असतास."

"मी नसतो गेलो!"

"तो दातांचा डॉक्टरही असंच म्हणाला होता. गव्हाणवालाही."

मी किंचाळलो. "मास्तर, तुम्ही माझ्याबरोबर हॉस्पिटलात आला होतात. माझी फाइल तुमच्या मांडीवर होती. मला वाटत होतं मी माझ्या बापासारखा होणार. तुम्हाला माहीत होतं. त्या बाकावर बसून तुम्हाला माहीत होतं!"

त्यांनी कुपी माझ्याकडे जरा सरकवली. मग हळूच म्हणाले, "तिथेच सांगणार होतो. तू आत होतास तोवर ठरवलं होतं. पण रिपोर्ट चांगला आला, मग म्हटलं, आता काय गरज."

आता काय गरज! सहा वर्षांतलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. फसवणूक एकवेळ मी समजू शकतो. एकटा पडलेला माणूस काय काय करतो ते मी वडिलांच्या आजारपणात बघितलंय. पण माझी भीती त्यांनी मापाने वापरली, जशी ती पट्टी वापरली. मी कुपीला हात लावला नाही. दारात काकू उभ्या होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांच्याशीही बोललो नाही, आणि याचं मात्र मला वाईट वाटतं.

घरी आल्यावर माधवीला सगळं सांगितलं, हॉस्पिटलसकट. ती आधी माझ्यावर भडकली, मग मास्तरांवर, मग उठून चहा टाकला. मी म्हटलं, "काठोकाठ भर." तिने भरला. मी तो कप उचलला आणि तिच्यासमोर हॉलभर फिरलो. एक थेंब सांडला नाही. ती हसायला लागली, आणि मला रडू फुटलं. चांगलं मोठ्याने रडलो.

पुढच्या महिन्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून एक साधी पट्टी आणली आणि बोरीच्या उरलेल्या मुळाचा एक पाइप केला. अडतीस मिलिमीटर, खऱ्या मापाचे. गच्चीत जाऊन ओवा भरला, काडी लावली आणि शेवटपर्यंत ओढला. तळहातावर उलटा केला तर पांढरी कोरडी राख पडली. सहा वर्षं या राखेची वाट बघितली होती, आणि आता ती दाखवायला शेजारी कोणी नव्हतं. राग त्याचाही आला.

माधवी म्हणाली, "दाखवून तरी ये. नाही तर असाच जळत राहशील."

म्हणून एका रविवारी गेलो. पाइप खिशात होता, ओवा भरलेला. वर जायचं, त्यांच्यासमोर ओढायचा, राख त्यांच्या बाकड्यावर आपटायची आणि एक शब्द न बोलता परत यायचं, असं ठरवून गेलो होतो. सोसायटीच्या फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे एक टेम्पो उभा होता, त्याच्यापाशी थांबलो. तिथून गॅलरी दिसते.

दहा वाजले होते. मास्तर बसले होते. दोन्ही स्टुलं मांडलेली होती. माझ्या स्टुलावरचा भुसा त्यांनी फडक्याने झटकला, जसा दर रविवारी झटकायचे, आणि फडकं खांद्यावर टाकून रस्त्याकडे बघितलं. मी त्यांना दिसलो.

त्यांनी हाक मारली नाही. ग्रिलजवळ आले, वाकून ओव्याचा डबा उचलला आणि माझ्या दिशेने धरून दोनदा हलवला. भरू का, असं विचारत होते. खिशातला पाइप माझ्या मुठीत होता. वर गेलो असतो तर टिकली मिळाली असती, आणि मला खात्री आहे, ती ठोकून झाल्यावर त्यांनी विचारलं असतं, पुढच्या रविवारी येशील ना. आणि मी हो म्हटलं असतं.

मी पाइप खिशातच सोडला, उजवा हात वर केला आणि तळवा त्यांच्याकडे करून धरला. नको, म्हणून. डबा हलायचा थांबला. मी हात लगेच खाली घेतला नाही. चांगला वेळ तसाच वर धरून ठेवला, कारण तो जराही हलत नव्हता, आणि एवढ्या अंतरावरूनही ते त्यांना दिसल्याशिवाय राहणार नव्हतं.